टिकाऊ अन्न, चिवट जंतू

तिरोडा तालुक्यात रात्रीचा उरलेला भात सहसा टाकत नाहीत. वैनगंगेच्या काठापासून नागझिऱ्याच्या जंगलापर्यंत पसरलेल्या या गावांत धान हेच मुख्य पीक, आणि पातेलं चुलीवर चढतं ते दोन वेळचा हिशेब धरूनच. उरलेल्या भाताचं पुढे काय होतं हे मात्र घरागणिक वेगळं. कुणी पातेल्यावर झाकण घालून ते ओट्यावर तसंच ठेवतं आणि सकाळी कांदा-मिरचीच्या फोडणीत भात परततं. कुणी तोच भात रात्रीच गार पाण्यात बुडवतं, वर पळीभर ताक, म्हणजे इकडची मही, घालतं आणि दुसऱ्या दिवशी मीठ-कांद्याबरोबर खातं. सीमेपलीकडे छत्तीसगडात याला बासी म्हणतात. २०२२ साली तिथल्या सरकारने १ मेच्या कामगार दिनाला ‘बोरे-बासी’ खाण्याचं जाहीर आवाहन केलं आणि गरिबाची न्याहारी मंत्र्यांच्या ताटात आली. ओडिशात याच पदार्थाचं नाव पखाल, आणि २० मार्च हा त्याचा हौसेने साजरा होणारा दिवस.

झाकलेला भात आणि बुडवलेला भात. फरक वरवर पाहता चवीचा आहे; आत जे घडतं ते फार वेगळं आहे.

भात शिजला म्हणजे त्यातले जंतू मेले, असं आपण धरून चालतो. बहुतेक मरतात हे खरं. पण बॅसिलस सिरियस नावाचा एक जिवाणू मातीत राहतो. बांधीतल्या चिखलातून तो लोंबीवर चढतो, मळणी आणि भरडाई झाली तरी दाण्याला चिकटून राहतो आणि पोत्याबरोबर घरात येतो. परिस्थिती बिकट झाली की तो आपल्याभोवती जाड कवच उभं करतो. या अवस्थेला बीजाणू म्हणतात. बीजाणू खात नाही, वाढत नाही, नुसता तग धरतो. भाताचं आधण १०० अंशांवर खदखदतं तेव्हा साधे जिवाणू पाहता पाहता संपतात, पण कवचातल्यांपैकी काही वाचतात. वरताण म्हणजे त्या चटक्यानेच त्यांना जाग येते. डोळे उघडतात तर समोर पाणी आहे, पिष्ट आहे, ऊब आहे आणि वाटेकरी सगळे नुकतेच मेलेले आहेत.

आता थोडा हिशेब. एका ग्रॅम भातात असे शंभर जीव जागे झाले असं धरू. तीस-पस्तीस अंशांना हा जिवाणू साधारण अर्ध्या तासात दुप्पट होऊ शकतो. पाच तासांत दहा वेळा दुप्पट, म्हणजे हजारपट, म्हणजे शंभराचे लाख. आणखी दोन तासांत पंधरा लाखांच्या वर. रात्री आठला झाकलेलं पातेलं सकाळी सातला उघडतं, म्हणजे अकरा तास मिळाले. सुरुवातीला भात कढत असतो आणि बीजाणू फुटायला वेळ लागतो म्हणून त्यातले दोन-तीन तास वजा करा, तरी उरलेला वेळ भरपूर झाला. तिरोड्यात मे महिन्यात दुपारचा पारा पंचेचाळिशीला टेकतो, आणि पत्र्याखालचं स्वयंपाकघर रात्रीसुद्धा तिशीखाली उतरायला तयार नसतं.

संख्या वाढली तरी सकाळी फोडणीत परतल्यावर मरतील, असं कुणी म्हणेल. जिवाणू मरतातही. पण तोवर त्यातल्या काही जातींनी सेरियुलाइड नावाचं विष भातात सोडलेलं असतं, आणि ते १२१ अंशांना दीड तास तापवलं तरी नष्ट होत नाही. प्रेशर कुकरच्या आत जेमतेम एवढंच तापमान असतं. कढईतली फोडणी तर त्यापुढे काहीच नाही. असा भात खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून सहा तासांपर्यंत केव्हाही उलट्या सुरू होतात. या आजाराचा माग पहिल्यांदा नीट लागला तो १९७१ नंतर, ब्रिटनमधल्या चिनी हॉटेलांत. तिथे भात मोठ्या प्रमाणावर शिजवून रात्रभर बाहेरच ठेवत, कारण फ्रिजमध्ये त्याचे गोळे होतात. दुसऱ्या दिवशी तो अंड्याबरोबर झटपट परतून गिऱ्हाइकाच्या पुढे जाई. आपल्या फोडणीच्या भाताचीच ही विलायती आवृत्ती.

यात एक फसगत आहे. भात बिघडला हे ओळखायची आपली रीत म्हणजे वास घेणं आणि तार सुटली का ते बघणं. ती रीत वाईट नाही, पण ती सांगते ते दुसऱ्याच जंतूंबद्दल. अन्न नासवणारे आणि माणसाला आजारी पाडणारे जंतू बरेचदा वेगळे असतात. सेरियुलाइडला वास नाही, चव नाही, त्याने भाताला तार सुटत नाही. शाळेतल्या पोषण आहाराची खिचडी मुलांना वाढण्याआधी शिक्षकांनी चाखून पाहायची असा दंडक आहे. करपलेलं, खारट, रॉकेलचा वास आलेलं अन्न त्यात पकडलं जातं, म्हणून तो दंडक हवाच. पण तांदळाच्या खिचडीबाबत खरी खबरदारी जिभेवर नाही, घड्याळावर आहे. शिजल्यापासून वाढेपर्यंत ती ६० अंशांच्या वर कढत राहिली, तर बीजाणू फुटून वाढायला फुरसतच मिळत नाही.

आता बुडवलेल्या भाताकडे. पाण्यात घातल्याबरोबर भात गार होतो, हा पहिला फायदा. मग ताकातले आणि हवेतून, हातातून, भांड्यातून आलेले लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू कामाला लागतात. ते पिष्टातली साखर खातात आणि आम्ल बाहेर टाकतात. आंबटपणा मोजायच्या पीएच मापात ७ म्हणजे ना आम्ल ना अल्क, आणि आकडा जितका खाली तितकं आम्ल जास्त. एक अंक खाली गेला की आम्ल दसपट. ताजा भात सातच्या जरा खाली असतो. चांगली आंबलेली बासी सकाळपर्यंत चारच्या आसपास पोचते. बॅसिलस सिरियसची वाढ पाचच्या खाली अडखळते आणि साडेचारच्या खाली जवळपास ठप्प होते. एका जंतूला वाट करून देऊन दुसऱ्याची वाट अडवायची, असा हा सौदा.

पण सौद्यात मेख आहे. आम्ल वाढ रोखतं. आधीच तयार झालेलं विष ते मोडत नाही. भात रात्रभर कोरडा झाकून ठेवला आणि सकाळी पाणी-ताक घालून आंबवला, तर उशीर झालेला असतो. घरातली जुनी बाई नव्या सुनेला म्हणते, “भात आताच पान्यात टाकून ठेव वो बाई, नाहीतं सकारी तार सुटंन,” तेव्हा तिच्या मनात तार असते. सल्ल्यातला महत्त्वाचा शब्द ‘आताच’ हा आहे, आणि तो तिच्या तोंडी पिढ्यांच्या सवयीने आलेला आहे. विरजणासारखं ताक घालणंही असंच. आंबणं आपोआप सुरू व्हायची वाट पाहण्यापेक्षा ताकातली तयार फौज उतरवली की पीएच लवकर पडतो.

आंबट अन्न माणसाला किती वाचवू शकतं याचा एक मोठा दाखला भातखाऊंच्याच देशातला आहे. १९८६ साली पश्चिम आफ्रिकेत गिनीमध्ये पटकीची साथ आली. तिथेही जेवणात भात आणि त्यावर ओतायचा दाट रस्सा. रस्सा दुसऱ्या वेळेसाठी राखून ठेवायची पद्धत. अभ्यासकांना आढळलं की शेंगदाण्याचा शिळा रस्सा खाणाऱ्यांना धोका जास्त होता, टोमॅटोच्या रश्शात तो दिसत नव्हता. प्रयोगशाळेत दोन्ही रश्श्यांत पटकीचे जिवाणू सोडून पाहिले: शेंगदाण्याच्या रश्शात, जो आम्लाच्या बाबतीत सौम्य, ते झपाट्याने वाढले; टोमॅटोच्या आंबट रश्शात त्यांना वाढता येईना. पटकीचा जंतू आम्लाला फार भितो. आमसूल, चिंच, कैरी घालून केलेल्या आपल्या भाज्यांना चवीपलीकडे हाही अर्थ आहे.

आता वाळवण. भंडारा-गोंदिया हा तलावांचा मुलूख. मालगुजारांच्या काळात बांधलेले तलाव शेकड्यांनी आहेत, आणि तिरोडा तालुक्यातले बोदलकसा आणि चोरखमारा हे तर पाखरं पाहायला येणाऱ्यांनाही ठाऊक आहेत. या पाण्यावर ढिवर समाज जगत आला. उन्हाळ्यात तलाव उतरले की मासोळी एकदम जास्त सापडते आणि खपत नाही तेवढी वाळत पडते. बोटाएवढी मासोळी आणि झिंगे अंथरलेल्या कापडावर एकेरी थरात पसरले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कडकडीत होतात. चिमटीत दाबलं तर मोडतात, वाकत नाहीत. मोठ्या माशाचं पोट फाडून, मांसाला आडव्या चिरा देऊन मग तो उन्हात किंवा धुरावर धरतात. ती चीर फार मोलाची आहे. कारण वाळवणं ही शर्यत आहे: आतलं पाणी आधी उडतं, की जंतू आधी वाढतात?

ही शर्यत आकड्यांत मांडली ती ऑस्ट्रेलियातल्या डब्ल्यू. जे. स्कॉट या शास्त्रज्ञाने. १९५३ मध्ये त्याने दाखवलं की अन्नात एकूण पाणी किती आहे याला जंतूच्या लेखी फारसा अर्थ नाही. त्यातलं मोकळं, जंतूच्या वाट्याला येऊ शकणारं पाणी किती, ते महत्त्वाचं. मीठ आणि साखर पाणी धरून ठेवतात, म्हणून मुरांबा ओला दिसूनही टिकतो. शुद्ध पाण्याला १ हा आकडा दिला तर ताजी मासोळी त्याच्या अगदी जवळ असते. ०.९१ च्या खाली बहुतेक जिवाणूंची वाढ थांबते, बुरशा त्याच्याही खाली रेंगाळतात, आणि ०.६० च्या खाली कोणीच वाढत नाही. या सगळ्यांत एक आडदांड आहे. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा ०.८६ पर्यंत वाढत राहतो. तो राहतो कुठे? माणसाच्या नाकात आणि कातडीवर. धडधाकट माणसांतही तिघा-चौघांत एकाच्या नाकात तो सापडतो. मिठाचीही त्याला फारशी पर्वा नाही. तेव्हा ढगाळ दिवसांत अर्धवट वाळलेला, हातांनी उलटापालटा केलेला खारा मासा म्हणजे त्याला मोकळं रान, कारण त्याचे प्रतिस्पर्धी मिठाने आधीच हटवलेले असतात. त्याचं विषही शिजवण्याला दाद देत नाही. मे महिन्याच्या कोरड्या उन्हात छोटी मासोळी ही शर्यत सहज जिंकते. श्रावणातला मोठा मासा हरतो.

आणि जिंकली तरी काय जिंकलं? वाढ थांबली, एवढंच. वाळवण जंतूला मारत नाही, त्याला ताटकळत ठेवतं. साल्मोनेला हा हगवण-तापाचा जंतू ओल्या अन्नात तापवला की लवकर मरतो; कोरड्या भुकटीत तो महिनोन्‌महिने तर राहतोच, शिवाय उष्णतेला जास्त निबर होतो. २००८-०९ मध्ये अमेरिकेत शेंगदाण्याच्या लोण्यातून सातशेहून अधिक लोक आजारी पडले आणि नऊ जण दगावले. तेल आणि कोरडेपणा यांच्या आधाराने साल्मोनेला त्यात सुखरूप बसून होता. मिरची, धणे, हळद यांची पूड उघड्या अंगणात वाळलेल्या मालाची असते. पाखरं, पाली, धूळ यांचं येणंजाणं तिथे आहेच. पूड भाजीबरोबर शिजली तर चिंता नाही. दह्याच्या कोशिंबिरीवर वरून भुरभुरली तर ती नुसती कोरडी राहत नाही, ओली होते, आणि ताटकळलेल्याला पाणी मिळतं.

मसाल्यांना तापवलं तर सुगंध जातो. म्हणून नवी मुंबईत वाशीला २००० साली अणुऊर्जा विभागाने किरणोत्सर्गाचा प्रकल्प सुरू केला. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांखालून मसाल्याची खोकी फिरवतात; मसाला गरम होत नाही, किरणोत्सर्गी होत नाही, आत दडलेले जंतू मात्र मोडतात. लासलगावचा कांद्याचा प्रकल्प याच घराण्यातला, पण तिथला डोस फार कमी, कोंब रोखण्यापुरता. लोक दोन्हींना एकच समजतात. कोंब रोखणारा डोस जंतूंच्या बाबतीत फारसा कामाचा नाही. आणि किरणांनाही पुरून उरणारा निघालाच: १९५६ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये, मांसाचे डबे किरणांनी निर्जंतुक होतात का हे पाहताना एक डबा तरीही नासला, आणि त्यातून डायनोकॉकस रेडिओड्युरान्स हा जगातला नामांकित चिवट जीव सापडला. सुदैवाने तो कुणाला आजारी पाडत नाही.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा एक राष्ट्रीय संग्रह आहे. हजारो जाती तिथे जपून ठेवतात. कशा? गोठवून वाळवून, काचेच्या बारीक नळीत बंद करून, थंडीत. आपण अन्न टिकवायला जे दोन उपाय करतो, वाळवणं आणि गोठवणं, तेच जंतू टिकवायला तज्ज्ञ वापरतात. हे एकदा नीट लक्षात घेतलं की डीप-फ्रीझरमधून काढलेल्या चिकनकडे ‘थंडीने सगळं मेलं असेल’ या नजरेने कुणी पाहणार नाही.

नागझिऱ्याच्या आसपासच्या गावांत रानमध मिळतो, त्याचंही असंच. मधातलं मोकळं पाणी ०.६० च्या आसपास, म्हणून मध वर्षानुवर्षं नासत नाही. पण त्यात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू असू शकतात, शांत पडून. मोठ्यांच्या आतड्यात इतर जंतूंची इतकी दाटी असते की त्यांना जागा मिळत नाही. तान्ह्या बाळाच्या आतड्यात ती दाटी अजून झालेली नसते. तिथे बीजाणू फुटतो, वाढतो आणि नसा लुळ्या करणारं विष सोडतो. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात बाळांचा हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला, आणि पुढे मधाशी त्याचा संबंध लागला. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये असं डॉक्टर सांगतात ते म्हणूनच. जन्मलेल्या बाळाला मध चाटवायची आपली रीत जुनी आणि मायेची आहे, तरी ती सोडावी, असं माझं स्पष्ट मत. मध उकळूनही उपयोग नाही. हे बीजाणू साध्या उकळीला मरत नाहीत.

बोट्युलिनमचं नाव निघालंच आहे तर लोणच्याकडे वळू. या जंतूला हवा चालत नाही. प्राणवायू असेल तिथे तो वाढत नाही, आणि अन्न टिकवायचे आपले बरेच उपाय नेमके हवा तोडणारे आहेत: बरणी, डबा, तेलाचा थर, खाऱ्या पाण्यात बुडवणं. डिसेंबर १८९५ मध्ये बेल्जियममधल्या एलझेल या गावी एका अंत्यविधीला वाजवायला आलेल्या वाजंत्र्यांनी खारवलेलं डुकराचं मांस खाल्लं. चौतीस जण आजारी पडले: डोळ्यांपुढे एकाचे दोन दिसणं, गिळता न येणं, अंग लुळं पडणं. तिघे गेले. एमिल व्हॅन एर्मेंगेम या प्राध्यापकाने त्या मांसातून जंतू वेगळा काढला. त्याने एक बारकावा टिपून ठेवला आहे. ते मांस पिंपाच्या तळाशी, खाऱ्या पाण्यात पूर्ण बुडालेलं होतं. त्याच जनावराचं वर, पाण्याबाहेर राहिलेलं मांस खाऊन कुणालाही काही झालं नाही. मीठ होतं, पण पुरेसं नव्हतं. आणि त्या पाण्याने हवा तोडून जंतूला हवी ती खोली बांधून दिली.

म्हणजे तेलाखालचं लोणचं धोक्याचं आहे का? कैरीचं नाही, लिंबाचं नाही. कच्च्या कैरीचा पीएच तीनच्या आसपास असतो, आणि बोट्युलिनम ४.६ च्या खाली वाढूच शकत नाही. जगभर डबाबंद अन्नाचे नियम याच एका आकड्यावर उभे आहेत: त्याच्या खालचं अन्न नुसतं उकळून बंद केलं तरी चालतं, वरचं १२१ अंशांना दाबाखाली तापवावं लागतं. कैरीच्या लोणच्यात वर मीठ असतं, मोहरी असते. तेलाचं काम बुरशी दूर ठेवण्याचं. जंतूंविरुद्धची लढाई आम्ल आणि मीठ लढतात, तेल फक्त दार लावून घेतं.

गडबड होते ती आम्ल नसलेली वस्तू तेलात बुडवली की. लसूण तसाच. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला एका हॉटेलातल्या, तेलात ठेवलेल्या चिरलेल्या लसणाने छत्तीस जणांना बोट्युलिनमची बाधा झाली. बाटली फ्रिजबाहेर होती. पावसाळ्यात इकडच्या जंगलातून सात्या, म्हणजे अळंबी, येतात, बांबूचे वास्ते, म्हणजे कोवळे कोंब, येतात. वास्ते आंबवून खायची पद्धत आहे, तिथे आम्ल आपोआप तयार होतं. सात्या लोक वाळवतात, तेही ठीक. पण मोबाइलवर पाहून सात्यांचं किंवा लसणाचं ‘तेलातलं लोणचं’ कुणी घालणार असेल, तर त्यात लिंबाचा रस किंवा व्हिनेगर चांगलं सढळ हवं, नाहीतर ते फ्रिजमध्ये ठेवून चार-पाच दिवसांत संपवावं. एक दिलासा मात्र आहे. सेरियुलाइडच्या उलट, बोट्युलिनमचं विष उष्णतेला कच्चं आहे. दहा मिनिटं चांगली उकळी दिली की मोडतं. पण लोणचं कोण उकळून खातं?

फ्रिजची गोष्ट थोडक्यात, कारण ती सर्वांना माहीत असल्यासारखी वाटते. चार अंशांना बहुतेक घातक जंतूंची वाढ जवळपास थांबते. लिस्टेरियाची थांबत नाही. तो फ्रिजमध्येही हळूहळू वाढतो. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये पोलोनी या थंड खायच्या मांसाच्या वड्यांतून तो हजारावर लोकांपर्यंत पोचला आणि दोनशेहून अधिक दगावले. गरोदर बायकांना शिळं, थंड, न तापवलेलं खायला नको म्हणतात ते याच्यासाठी फार योग्य आहे. दुसरी गोष्ट, मोठं पातेलं फ्रिजमध्ये सरकवलं म्हणजे भात गार झाला असं होत नाही. मधला गोळा कित्येक तास कोमट राहतो. परातीत पसरून वाफ जाऊ द्यायची, मग उथळ डब्यात घालून आत ठेवायचा. आणि वीज. तिरोड्यातल्या अदानीच्या प्रकल्पाची क्षमता ३,३०० मेगावॉट, ६६० चे पाच संच. वादळात खांब पडला की या प्रकल्पाच्या सावलीतल्या खेड्यातला फ्रिजही नुसतं कपाट होतो. ज्या घरात टिकवण्याचा एकच उपाय उरला आहे, तिथे तो गेला की सगळं जातं.

जर्मनीतल्या लोथार लाइस्टनर या मांसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात नेमका हाच विचार मांडला. एकाच भिंतीवर विसंबू नका, जंतूच्या वाटेत लहान लहान अडथळे लावा: थोडं मीठ, थोडं आम्ल, थोडा कोरडेपणा, थोडी थंडी. एकेक अडथळा ओलांडता ओलांडता जंतूची ताकद संपते, आणि अन्नही फार खारट किंवा फार आंबट होत नाही. या कल्पनेला त्याने अडथळ्यांच्या शर्यतीवरून नाव दिलं आणि खाद्योद्योगाने ती उचलून धरली.

विदर्भातली उन्हाळी कुरोडी पाहिली की लाइस्टनर आठवतो. गहू तीन दिवस भिजतो, रोज पाणी बदलतात, तरी तो आंबतो. पहिला अडथळा आम्लाचा. मग वाटून, गाळून, चीक बसू देतात आणि वरचं आंबूस पाणी ओतून टाकतात. चीक मीठ घालून, रटरटेपर्यंत शिजवून, घोटून घेतात. दुसरा अडथळा उष्णतेचा, तिसरा मिठाचा. गरम गरमच सोऱ्यातून बारीक शेवेसारखा पाडतात, म्हणजे हवा आणि ऊन चारी बाजूंनी लागतं. संध्याकाळपर्यंत ती खडखडीत. वर्षभर डब्यात राहते आणि खाताना उकळत्या तेलात पडते. यातली एकही पायरी एकटी पुरेशी नाही. बीजाणू शिजण्यातून वाचतात, पण वाळल्यावर त्यांना वाढता येत नाही, आणि तळल्याबरोबर आपण ती खाऊन मोकळे होतो. शिंगाडेही इकडे उकडून मगच सोलून वाळवतात, तिथेही हाच क्रम: आधी मारा, मग अडवा.

हल्ली ‘कमी मिठाचं, कमी तेलाचं’ लोणचं घरोघरी आलं आहे. रक्तदाबासाठी ते बरं. पण मीठ निम्मं केलं की एक अडथळा निम्मा झाला, आणि त्याची भरपाई म्हणून बरणी पहिल्या दिवसापासून फ्रिजमध्ये जाते. इथे एक उलटी गोष्ट घडते. आंबट अन्नात अडकलेले ई. कोलाय किंवा साल्मोनेलासारखे जंतू थंडीत उशिरा मरतात आणि खोलीतल्या उबेत लवकर. १९९० च्या दशकात अमेरिकेत मेयोनेझवर झालेल्या प्रयोगांत ई. कोलायची घातक जात फ्रिजच्या तापमानाला कित्येक आठवडे जिवंत राहिली, वीस अंशांना त्याच्या निम्म्याहून कमी काळात संपली. आम्लाला मारायचं काम करायला ऊब लागते. थंडी जंतूची वाढ थांबवते तसं आम्लाचं कामही मंद करते. म्हणून लोणचं घालून आठ-दहा दिवस बाहेर मुरू द्यायचं, फोडी पाणी सोडून मीठ आणि आंबटपणा सगळीकडे सारखा पोचू द्यायचा, आणि हवंच असेल तर त्यानंतर बरणी फ्रिजमध्ये ठेवायची.